तीन जिवांची काळजी



आपल्या भाषेत गरोदर स्त्रीला 'दोन जिवांची' म्हणतात. या दोन शब्दांत जुन्या पिढीने पुष्कळ शहाणपण साठवून ठेवले आहे. 'ती दोन जिवांची आहे' एवढे कोणी म्हटले, की जड काम तिच्या हातून काढून घ्यावे, तिच्या पानात चतकोर भाकरी अधिक पडावी, तिला कोणी लागेल असे बोलू नये, हे सारे न सांगता कळत असे. आज मला बोलावयाचे आहे ते मात्र जिच्या पोटात एकाच वेळी दोन बाळे वाढत आहेत तिच्याविषयी. ती तीन जिवांची. तिच्यासाठी आपल्या भाषेत असा रुळलेला शब्द नाही, आणि त्याचे कारणही उघड आहे. ती तीन जिवांची आहे हे पूर्वी बाळंतपण होईपर्यंत बहुधा कोणास कळतच नसे. पहिले मूल बाहेर आले, सुईणीने पोटावर हात ठेवला आणि 'अगं बाई, आणखी एक आहे' असे ती म्हणाली, म्हणजे घराला बातमी लागे. आज तीच बातमी तिसऱ्या महिन्यात कळू शकते. सहा महिने आधी हाती आलेल्या या बातमीचे आपण काय करतो, एवढाच माझ्या व्याख्यानाचा विषय आहे.

वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर हा विषय कशाला, तो दवाखान्यात आणि माजघरात बोलावयाचा, असे कोणास वाटेल. पण मी तो मुद्दाम येथे मांडीत आहे. गाडी केव्हा सांगावयाची, पैसे कोठून आणावयाचे, रक्त कोणी द्यावयाचे, सुनेला माहेरी पाठवावयाचे की नाही, हे निर्णय आपल्याकडे अजून ओटीवर बसून होतात. आणि ओटीवर बसणारी मंडळी आज माझ्यासमोर बसली आहेत. 'जालना, सोने का पालना' असे आपल्या गावाचे कौतुक जुनी माणसे करतात. त्या पाळण्यात एका वेळी दोन बाळे घालण्याचा प्रसंग किती वेळा येतो, याचा हिशेब करून पाहू. २०११च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या साडेएकोणीस लाखांवर होती. हजारी पंधरा-सोळा जन्म धरले, तर वर्षाला सुमारे तीस हजार बाळंतपणे होतात. आपल्या देशात हजार बाळंतपणांत साधारण नऊ जुळ्यांची असतात. म्हणजे जालना जिल्ह्यात वर्षाकाठी अडीचशे ते तीनशे जोड्या, चार दिवसांत तीन, जन्माला येत असल्या पाहिजेत. हा केवळ अंदाज आहे. पण हा विषय क्वचित घडणाऱ्या नवलाचा नव्हे, इतके त्यावरून ध्यानात यावे.

नवल मात्र माणसाला फार पूर्वीपासून वाटत आले आहे. माद्रीचे नकुल-सहदेव जुळे, सीतेचे लव-कुश जुळे. आणि ज्यांना आपण देवांचे वैद्य म्हणतो ते अश्विनीकुमार स्वतःच जुळे. सुश्रुताने शारीरस्थानात जुळ्यांची उपपत्ती दिली आहे. शरीरातील वायूने बीजाचे दोन भाग केले म्हणजे दोन जीव कुशीत येतात, असे तो सांगतो. लोकांनी याहून सोपी उपपत्ती शोधली. जोडकेळे खाल्ले की जुळे होते! अजूनही कित्येक घरांत सासुरवाशिणीच्या हातातले जोडकेळे काढून घेतले जाते. केळ्याचा यात काही अपराध नाही, ते खुशाल खावे. जुळी दोन प्रकारांनी होतात. कधी एका महिन्यात दोन बीजे पक्व होतात आणि दोन्ही फळतात. ही भावंडे एकमेकांसारखी असतीलच असे नाही. एक मुलगा, एक मुलगी असेही होते. हा प्रकार काही घराण्यांत आईकडून चालत येतो, वाढत्या वयात अधिक होतो, आणि मूल होण्यासाठी घेतलेल्या औषधांनी किंवा प्रयोगशाळेत फळवलेले गर्भ एकाहून अधिक ठेवल्यानेही होतो. दुसऱ्या प्रकारात एकच फळलेले बीज पहिल्या काही दिवसांत दुभंगते. ही जुळी एकाच लिंगाची आणि हुबेहूब सारखी. त्यांचे प्रमाण जगात सगळीकडे हजारी तीन-चार असेच राहते. त्याला घराणे नाही, देश नाही.

पण वैद्यकाच्या दृष्टीने, जुळी एकसारखी दिसणार की नाही यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न निराळा आहे. दोघांना वार दोन आहेत की एक? वार म्हणजे गर्भाची विहीर. आपण दुष्काळी मुलखातील माणसे, तेव्हा हे उदाहरण आपल्याला पटकन कळेल. दोन भावांच्या दोन शेतांना दोन विहिरी असल्या, तर एकाचे पाणी कमी-जास्त झाल्याने दुसऱ्याचे बिघडत नाही. पण एकाच विहिरीवर दोन मोटारी बसल्या, की एकाच्या शेतात पाणी तुंबावे आणि दुसऱ्याचे करपावे, असे होऊ शकते. एका वारेवर वाढणाऱ्या जुळ्यांत शंभरांतील दहा-पंधरा जोड्यांच्या बाबतीत हेच घडते. एका बाळाचे रक्त वारेतील जोडरक्तवाहिन्यांतून दुसऱ्याकडे वाहू लागते. देणारे वाळत जाते, घेणाऱ्याच्या हृदयावर भार येतो, आणि वेळेवर लक्षात आले नाही तर दोन्ही हातची जातात. लक्षात आले, तर मोठ्या शहरांत दुर्बिणीतून लेसर किरणांनी त्या रक्तवाहिन्या बंद करता येतात. सर्व जुळ्यांपैकी पाचवा ते चौथा हिस्सा असा एका वारेवरचा असतो.

वार एक की दोन, हे सोनोग्राफीत दिसते; पण ते स्पष्ट दिसण्याचा काळ थोडा असतो. पाळी चुकण्यापूर्वीच्या शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजून अकरा आठवडे पुरे झाल्यापासून चौदावा आठवडा पुरा होईपर्यंत. त्यानंतर दोन बाळांमधला पडदा पातळ होतो, वारा शेजारी-शेजारी येऊन भिडतात, आणि निष्णात डॉक्टरलाही खात्रीने सांगणे कठीण जाते. १९५८ साली ग्लासगो येथील इयन डोनाल्ड यांनी ध्वनिलहरींनी गर्भ पाहण्याचा शोध प्रसिद्ध केला, तेव्हापासून हे शक्य झाले. आपल्याकडे या यंत्राचे नाव निराळ्या कारणाने बदनाम झाले आणि १९९४ साली त्यासाठी कायदा करावा लागला. पण तो कायदा गर्भाचे लिंग पाहण्यास आणि सांगण्यास बंदी करतो, गर्भाची तपासणी करण्यास नव्हे. 'सोनोग्राफी नको रे बाबा, कायद्याचे लफडे' असे म्हणून तिसऱ्या महिन्यातील तपासणी चुकवणे म्हणजे चोराच्या भीतीने घरात दिवा न लावण्यासारखे आहे. तपासणी झाल्यावर डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा: 'जुळे असेल तर वार एक की दोन, ते कागदावर लिहिले आहे का?' हे एक वाक्य पुढच्या सहा महिन्यांची दिशा ठरवते. दोन वारा असतील तर महिन्याला एक सोनोग्राफी साधारण पुरते. वार एक असेल तर सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी व्हावी लागते. आणि एक वार असलेल्या स्त्रीचे पोट आठवड्याभरात एकाएकी ताणून मोठे झाले, श्वास लागू लागला, तर पंधरवड्याची वाट पाहू नये. त्याच दिवशी दाखवावे.

आता आपल्या जिल्ह्यातील एक गोष्ट डोळ्यांसमोर आणू. मंठा, परतूर, अंबड, घनसावंगी या भागांतून दिवाळीनंतर ऊसतोडीला जोडपी निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. समजा, एखाद्या मुलीची शेवटची पाळी पोळ्याच्या सुमारास आली. दिवाळीत तिला दोन महिने झालेले असतात. ती गाडीत बसून फडावर जाते. ज्या तीन आठवड्यांत वार एक की दोन हे कळावयाचे, ते तीन आठवडे ती कारखान्याच्या गटात कोपीमध्ये असते आणि पहाटे उठून मोळ्या वाहत असते. पाडव्यानंतर ती परतते तेव्हा सातवा महिना संपत आलेला असतो. एकुलत्या बाळाच्या हिशेबाने अजून दोन महिने बाकी. जुळ्यांच्या हिशेबाने मात्र दिवस जवळजवळ भरत आले. वाटेतच कळा लागल्या तर? हे चित्र कल्पनेतले आहे, पण त्याचा प्रत्येक तुकडा तुमच्या परिचयाचा आहे. म्हणून गावातील शहाण्या माणसांनी, सरपंचांनी, मुकादमांनीसुद्धा, एवढे पाहावे: पाळी चुकलेल्या मुलीची नोंदणी फडावर जाण्यापूर्वी व्हावी, माता-बाल संरक्षण कार्ड तिच्या पिशवीत असावे, आणि सोनोग्राफीचा आठवडा कोणता ते त्या कार्डावर लिहिलेले असावे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची डॉक्टरकडून विनामूल्य तपासणी करण्याची योजना २०१६ पासून देशभर आहे. जेथे फड असेल तेथील दवाखान्यातही ती तारीख तीच असते. आणि जुळे आहे असे कळल्यावर त्या मुलीच्या डोक्यावर मोळी देऊ नये. उचल फिटेल, पुढल्या वर्षीही फिटेल.

बाळांकडून आता आईकडे वळू. जुळ्यांच्या आईला सर्वांत अधिक लागते ते रक्त. आपल्या देशातील गरोदर स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक पंडुरोगी आहेत, असे २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळले. एका बाळाला न पुरणारे रक्त दोघांना कसे पुरावे? आणि पुढे बाळंतपणात पिशवी अधिक ताणलेली असल्याने रक्तस्राव होण्याचा धोका याच स्त्रीला अधिक. म्हणून पहिल्याच भेटीत रक्त तपासावे आणि पुढे पुन्हापुन्हा तपासावे. ते ११ ग्रॅमच्या खाली नसावे. चौथ्या महिन्यापासून लोहाची गोळी रोज घ्यावयाची असते. १८० गोळ्यांचा हा हिशेब एका बाळाचा आहे. जुळे असता मात्रा वाढवावी की काय, शिरेतून लोह द्यावे की काय, ते डॉक्टर ठरवतील. गोळी चहाबरोबर घेतली की फुकट जाते आणि कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतली तरी बरीचशी वाया जाते. ती लिंबाच्या किंवा मोसंबीच्या रसाबरोबर घ्यावी. आपल्या जिल्ह्यातील मोसंबी साऱ्या महाराष्ट्रात जाते. तिच्यातील चार फळे घरच्या गरोदर सुनेच्या वाट्याला आली, तर बागवानाचे नुकसान होणार नाही.

दुसरी गोष्ट रक्तदाबाची. जुळ्यांच्या आईला रक्तदाब वाढण्याचा धोका इतरांच्या दोन-तीनपट असतो. हा विकार आधी काहीच दुखवत नाही, म्हणून तो फसवा. प्रत्येक भेटीत दाब मोजणे आणि लघवी तपासणे, एवढाच त्यावर पहारा. काहींना बाराव्या आठवड्यापासून अॅस्पिरिनची लहान मात्रा दिल्याने हा धोका कमी होतो. ती द्यावी की नाही हे डॉक्टरांना विचारावे, आपल्या मनाने घेऊ नये. तोंडावर सूज, थांबत नाही असे डोके दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे, छातीखाली बरगडीत दुखणे, यांपैकी काहीही झाले तर ते 'पित्त' म्हणून सोडून देऊ नये. याची पुढची पायरी झटक्यांची असते. तसेच अंगावरून रक्त जाणे, पाणमोट फुटून पाणी जाणे, दिवस भरण्यापूर्वी पोट ठरावीक वेळाने दगडासारखे होणे, बाळांची हालचाल मंदावणे, ताप येणे, या खुणा घरातील प्रत्येकाला पाठ असाव्यात. रात्री दोन वाजता गाडी सांगावयाची की सकाळ होऊ द्यावयाची, हा प्रश्न त्या वेळी चर्चेला घेऊ नये.

आहाराविषयी आपल्याकडे एक घातक समज आहे. कमी खाल्ले की मूल लहान राहते आणि बाळंतपण सुखाचे होते! जुळी मुळातच लहान असतात. त्यांना आणखी उपाशी ठेवण्यात काय सुख? तीन जिवांच्या स्त्रीने एका बैठकीत फार खाऊ नये, कारण पोटात जागा नसते. पण दिवसातून पाच-सहा वेळा थोडेथोडे खावे. ज्वारीची भाकरी, घट्ट वरण, उसळ, पालेभाजी, दूध, दही, शेंगदाण्याचा लाडू आणि चालत असेल तेथे अंडे. यात महाग असे काही नाही. महाग आहे ती गोष्ट एवढीच, की सगळ्यांच्या शेवटी, उरलेल्यावर बसण्याची सुनेची रीत नऊ महिने मोडावी लागते.

विश्रांतीविषयी उलटा अतिरेक होतो. जुळे म्हटले की काही घरांत स्त्रीला तिसऱ्या महिन्यापासून खाटेवर निजवून ठेवतात. अशा सक्तीच्या अंथरुणाने लवकर बाळंतपण टळते असे अभ्यासांत दिसून आलेले नाही. उलट पायांत रक्त गोठण्याचे भय वाढते. जड काम सोडावे, दुपारी दोन तास कुशीवर निजावे, बाकी घरात हिंडावे-फिरावे. गर्भाशयाच्या तोंडाला टाका घालण्याविषयीही लोक विचारतात. हा टाका जगभर 'शिरोडकर टाका' म्हणून ओळखला जातो; गोव्याच्या शिरोड्यात जन्मलेल्या आणि मुंबईत नावारूपाला आलेल्या डॉ. वि. ना. शिरोडकरांनी तो १९५५ साली जगापुढे मांडला. आपल्या माणसाचा हा शोध आपल्याला भूषणास्पद आहे. पण गर्भाशयाचे तोंड दुबळे असल्याशिवाय, केवळ जुळे आहे म्हणून तो सरसकट घालण्याचा उपयोग नाही.

आता मी माझ्या मुख्य मुद्द्याकडे येते. आपल्या मनात गर्भारपणाचे एक पंचांग बसलेले आहे: सातव्यात ओटी, मग माहेर, आणि 'नऊ महिने नऊ दिवस' भरले की बाळंतपण. जुळ्यांना हे पंचांग लागू पडत नाही. शंभर जुळ्यांतील साठ जोड्या सदतीस आठवड्यांच्या आत, म्हणजे साडेआठ महिन्यांपूर्वीच जन्मतात. आणि ज्यांचे सारे सुरळीत चालले आहे त्यांनाही नऊ महिने नऊ दिवस थांबवीत नाहीत. दोन वारा असतील तर सदतिसावा आठवडा पुरा झाल्यावर, वार एक असेल तर छत्तिसावा पुरा झाल्यावर बाळंतपण करवणे हितकारक ठरते. दोघे एकाच पाणमोटेत असले, जे फार क्वचित होते, तर बत्तीस ते चौतीस आठवड्यांतच शस्त्रक्रिया करावी लागते. त्याहून उशीर केल्यास पोटातच बाळ दगावण्याचा धोका चढत जातो. म्हणजे जुळ्यांच्या घरी प्रत्येक गोष्ट दोन महिने आधी झाली पाहिजे. ओटी पाचव्यात भरा. हौस तेवढीच होते. माहेरी पाठवावयाचे तर सहाव्यात पाठवा, आणि पाठवण्यापूर्वी माहेराहून मोठा दवाखाना किती लांब आहे ते मोजा. जाफराबाद-भोकरदनकडचे आडगाव असेल आणि तेथून जालन्याला पोचावयास तासाहून अधिक लागत असेल, तर लेकीला माहेरी नेण्याऐवजी आईनेच लेकीकडे येऊन राहावे. रीत मोडत नाही, तिचा पत्ता तेवढा बदलतो.

लवकर पोचण्याने काय साधते याचे एक उदाहरण देते. न्यूझीलंडचे लिगिन्स हे डॉक्टर मेंढ्यांवर प्रयोग करीत असता त्यांना आढळले, की आईला ठरावीक स्टेरॉइड दिले की अपुऱ्या दिवसांच्या कोकराचीही फुप्फुसे श्वास घेऊ लागतात. १९७२ साली त्यांनी हॉवी यांच्यासह माणसांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. आज हे इंजेक्शन आपल्या सरकारी दवाखान्यांत मिळते. दोन दिवसांत बारा-बारा तासांनी चार वेळा द्यावे लागते. किंमत अगदी थोडी. २०१४ पासून केंद्र सरकारच्या सूचनेप्रमाणे, अवेळी कळा लागलेल्या स्त्रीला पुढे पाठवण्यापूर्वी उपकेंद्रातील परिचारिकेलाही पहिली मात्रा देता येते. पण औषधाला आपले काम करावयास एक दिवस लागतो. कळा सुरू झाल्यावर 'पाहू संध्याकाळपर्यंत' म्हणून जो अर्धा दिवस घरी काढला जातो, तो या बाळांच्या श्वासातून वजा होतो.

बाळंतपण कोठे करावयाचे, हे सहाव्या महिन्यातच ठरवावे. सरकारी असो वा खासगी, दवाखान्याला चार प्रश्न विचारा. रात्रीही शस्त्रक्रिया होते का? भूल देणारे डॉक्टर मिळतात का? रक्त मिळते का? आणि दोन लहान बाळांना एकाच वेळी ठेवता येईल असा नवजात कक्ष आणि बालरोगतज्ज्ञ आहेत का? चारही उत्तरे 'होय' नसतील तेथे, इमारत कितीही सुंदर असो, जुळ्यांचे बाळंतपण नको. जालन्यात स्त्रियांसाठी जिल्हा रुग्णालय आहे. २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले आहे. त्याहून गुंतागुंतीचे असेल तर साठेक किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगरचे 'घाटी' आहे. ते महाविद्यालय १९५६ सालचे. २०११ पासूनच्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाप्रमाणे सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, रक्त, तपासण्या, जेवण आणि जाण्या-येण्याची गाडी विनामूल्य आहे, आणि बाळ वर्षाचे होईपर्यंत त्याचे उपचारही. हा उपकार नव्हे, तो हक्क आहे. १०२ आणि १०८ हे क्रमांक भिंतीवर लिहून ठेवा. त्याशेजारी गावातील एका खासगी गाडीवाल्याचाही लिहा. आईचा रक्तगट लिहा, आणि तो गट असलेल्या दोन तगड्या माणसांना आधीच सांगून ठेवा. रक्तदानाचे भाषण करणारे पुष्कळ असतात. अडीच वाजता उठून येणारे दोन पुरेत.

जुळे म्हणजे सिझेरियनच, असे नाही. पहिल्या बाळाचे डोके खाली असेल आणि बाकी सर्व ठीक असेल, तर नैसर्गिक बाळंतपण तितकेच सुरक्षित ठरते, असे २०१३ साली अनेक देशांत मिळून झालेल्या मोठ्या अभ्यासात दिसले. धोका असतो तो दुसऱ्या बाळाला. पहिले बाहेर आले की त्याला जागा होते आणि ते आडवे किंवा पायाळू होऊ शकते. म्हणून त्या घटकेला अनुभवी हात आणि शस्त्रक्रियेची तयारी शेजारी हवी. पहिले मूल झाले म्हणून बाहेर पेढे वाटण्याची घाई करू नये. बाळंतपण अजून अर्धेच झालेले असते. आणि ज्यांचे सिझेरियन ठरले आहे त्यांनी मुहूर्तासाठी डॉक्टरांना आठ दिवस आधीची तारीख मागू नये. चांगल्या नक्षत्रापेक्षा पिकलेली फुप्फुसे बाळाच्या अधिक उपयोगी पडतात.

बाळे घरी आली की खरी परीक्षा सुरू होते. ती बहुधा अडीच किलोंहून हलकी असतात, आणि हलक्या बाळाचे पहिले भय थंडीचे. यावरचा उत्तम उपाय कोलंबिया देशातील बोगोता शहरात काचेच्या पेट्या कमी पडल्या तेव्हा, १९७८ साली, डॉ. एद्गार रे यांनी काढला. उघड्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी उभे बांधून ठेवावयाचे, वरून कपडा. कांगारू मातेची ही रीत. आपल्या देशासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, फार हलक्या बाळांना जन्मल्याबरोबर असे ठेवल्याने मृत्यू चतुर्थांशाने कमी झाले. जुळ्यांत एक आईच्या छातीशी, तर दुसरे बापाच्या किंवा आजीच्या. बापांनो, लाजू नका. बाळाला ऊब कोणाची ते कळत नाही, ती मिळाली एवढे कळते.

दूध दोघांना पुरत नाही, ही भीती निराधार आहे. जितके ओढले जाते तितके दूध येते. पहिल्या तासातला चीक पिळून फेकू नये. ओढण्याची ताकद नसेल तर आईचेच दूध काढून उकळलेल्या वाटी-चमच्याने पाजावे. बाटली नको, मध नको, गुटी नको. बाळंतिणीच्या खोलीत शेगडीची धुरी कोंडून ठेवू नये, आणि हलक्या बाळाला न्हाऊमाखू घालण्याची घाई करू नये. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी खेड्यातील बायकांना नवजात बाळाची काळजी घेण्यास शिकवले, आणि त्या गावांतील नवजातांचे मृत्यू शेकडा ६२ने घटले. हे १९९९ साली जगापुढे आले. आज आपल्या आशाताई बेचाळीस दिवसांत सहा वेळा घरी येतात, त्या याच मार्गाने. त्या आल्या म्हणजे 'बाळ झोपलंय, नंतर या' असे म्हणू नका. दोन्ही बाळांचे वजन करून घ्या.

'दोन्ही' हा शब्द मी जोर देऊन उच्चारते. एक मुलगा आणि एक मुलगी असली, की छाती कोणाला आधी मिळते, ताप आल्यावर गाडी कोणासाठी आधी निघते, हे आपण सर्व जाणतो. जुळ्यांत हा भेद एकाच पाळण्यात, एकाच दिवशी डोळ्यांसमोर दिसतो. आणि आईचेही पाहा. रात्री बारा वेळा उठणारी ती बाई आठ-पंधरा दिवस सारखी रडत असेल, बाळांकडे पाहत नसेल, तर तिला नखरेल म्हणू नका. तोही एक आजार आहे आणि त्यावर उपचार आहे. पुढील गर्भ तीन वर्षे तरी लांबवावा, याचा विचार दवाखान्यातून निघण्यापूर्वीच व्हावा.

कल्याणच्या आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या. त्यांचे बाळ दहा दिवसांत गेले. योग्य उपचार मिळाले नाहीत म्हणून गेले, हे त्यांच्या मनाने घेतले. त्या समुद्र ओलांडून गेल्या आणि १८८६ साली डॉक्टर झाल्या. पदवीसाठी त्यांनी लिहिलेला प्रबंध आपल्याकडील प्रसूतिशास्त्रावरच होता. त्यांच्या वेळी उपचारच नव्हते. आज उपचार आहेत, औषध आहे, गाडी आहे, कायदा आहे. नाही तो बहुधा वेळ, आणि तो सरकार देऊ शकत नाही. तो घरच्या माणसांनीच काढावयाचा असतो. तिसऱ्या महिन्यात जुळे कळावे, सहाव्यात दवाखाना ठरावा, आणि आठव्यात आई त्या दवाखान्याच्या जवळ असावी, एवढे तीन निर्णय आपण आपल्या घरात, आपल्या वाड्यात, आपल्या गावात योग्य वेळी केलेत, तर या वर्षी जिल्ह्यात जन्मणाऱ्या जोड्यांतील पुष्कळ जोड्या जोड्याच राहतील.